गरम प्लग आणि फुगलेलं बिल : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात दोन गठ्ठे होते, एक विजेच्या बिलाचा आणि दुसरा आगीच्या भीतीचा. ते मुद्दाम एकत्र घेतले आहेत. पत्रं वाचताना लक्षात आलं की जिथे फक्त पैसे जातात तिथे बरेच जण आगीला घाबरतात, आणि आग लागण्यासारखं असतं तिथे "चालतंय की" म्हणून सोडून देतात. बिल वाढतं ते वॅट आणि तासांनी. आग बऱ्याचदा लागते ती सैल जोडामुळे, आणि तो जोड बिलात दिसतही नाही.

पुढचे आकडे २३० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी आहेत. खर्च युनिटमध्ये दिला आहे. १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. तुमचा दर टप्प्याटप्प्याने चढत असेल तर वाचलेल्या युनिटला सरासरी दर लावू नका, तुम्ही पोचता त्या सगळ्यांत वरच्या टप्प्याचा लावा. बचत होते ती तिथूनच.

प्रश्न : गीझरचा प्लग वापरताना इतका तापतो की हात लावून ठेवता येत नाही. सॉकेटच्या एका भोकाभोवती तपकिरी डाग पडलाय. एमसीबी मात्र एकदाही पडलेला नाही. वायरमन म्हणतो, मोठा लोड आहे, थोडं तापणारच. वापरत राहावं का?

उत्तर : नाही. दुरुस्ती होईपर्यंत गीझर बंद ठेवा. अर्ध्या तासाने प्लग किंचित कोमट लागला तर ठीक. बोट ठेववत नसेल तर तो जोड बिघडलेला आहे, लोड कितीही असो.

हिशेब असा. २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. पिन आणि सॉकेटच्या आतली पट्टी यांचा घट्ट स्पर्श असेल तर तिथला रोध एका ओहमच्या काही हजारांश इतकाच असतो. पट्टी सैल झाली, तिच्यावर काजळी धरली, की तोच रोध ०.१ ओहमपर्यंत जाऊ शकतो. उष्णता निर्माण होते प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने, म्हणजे इथे साडेसात वॅट. आकडा किरकोळ वाटतो, पण ही उष्णता नखाएवढ्या जागेत साठते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. रोध ०.३ ओहम झाला तर तिथे २३ वॅट जळतात. छोटं सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्यावरच शिसं वितळवतं.

यातलं सगळ्यांत वाईट म्हणजे हे दुष्टचक्र आपोआप वाढतं. तापल्याने पितळी पट्टीचा ताण जातो, ती आणखी सैल होते, ऑक्साइडचा थर चढतो, रोध वाढतो, ताप वाढतो. शेवटी प्लास्टिक कोळपतं आणि कोळपलेला भाग स्वतःच वीज वाहू लागतो. बोर्डाजवळ सडक्या मासळीसारखा उग्र वास येत असेल आणि त्याचं कारण सापडत नसेल, तर पहिला संशय तापलेल्या प्लास्टिकवर घ्या.

एमसीबी का पडत नाही? तो फक्त प्रवाह मर्यादेबाहेर गेला का, एवढंच बघतो. सैल जोड गीझरच्या वाटेतच, एकामागे एक असा असतो. त्याने प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. गळती ओळखणारा आरसीसीबीही इथे गप्प राहतो, कारण गेलेला प्रवाह पूर्णच्या पूर्ण परत येतोय. हे दोन्ही बसवलेत म्हणून या आगीपासून सुटका नाही. ठिणग्या ओळखणारं वेगळं उपकरण मिळतं, पण मोजक्याच घरांत असतं.

दुरुस्तीत प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलायचे. नुसता सॉकेट बदलला तर जुन्या प्लगची जळकी, खरखरीत पिन नवी पट्टी थोड्याच दिवसांत खराब करते. मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा. वायरचं टोक काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा, ८ ते १० मिलिमीटर सोला, सगळ्या तारा पिळून एकत्र स्क्रूखाली घ्या. एकही तार बाहेर राहता कामा नये. टोकाला शिसं लावून कडक करण्याची जुनी सवय मोडा. दाबाखाली शिसं हळूहळू पसरतं आणि स्क्रू आपोआप सैल होतो. त्याऐवजी टोकाला दाबून बसवायची तांब्याची टोपी लावा. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून पाहा. मोठ्या लोडच्या जोडांचे स्क्रू महिन्याभराने पुन्हा एकदा तपासलेले बरे. ही कामं सवयीची नसतील तर दुसरा वायरमन बोलवा. "तापणारच" म्हणणारा नको.

आणखी एक, कुठल्याही आकाराची पिन आत जाणारे सर्वसमावेशक सॉकेट गीझर, हीटर, एसीसाठी वापरू नका. सगळ्या पिना सामावून घ्यायच्या म्हणून त्यांची पट्टी पिनेला एखाद्या रेषेतच टेकते.

प्रश्न : गीझर दिवसभर चालू ठेवला तर पाणी गरमच राहतं आणि वीज कमी लागते, असं माझे सासरे म्हणतात. मी प्रत्येक वेळी बंद करते. कोण बरोबर?

उत्तर : तुम्ही. सासऱ्यांचा तर्क असा असावा की थंड पाणी पुन्हा तापवायला जास्त वीज लागते. पण टाकीतून जेवढी उष्णता बाहेर गेली तेवढीच परत घालावी लागते, आणि टाकी गरम असेल तर ती अधिक वेगाने जाते. बंद टाकी थंड होत जाते तसतशी तिची गळतीही मंदावते. त्यामुळे बंद ठेवण्यात तोटा कधीच नाही. दोन आंघोळींमध्ये अर्ध्या तासाचंच अंतर असेल तर फरक इतका थोडा की त्यावर भांडायला नको.

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६१ युनिट. २००० वॅटच्या कॉईलला त्यासाठी १८ मिनिटं पुरतात, म्हणून अर्धा तास आधी लावणं भरपूर झालं. आवरण बरं असलेली तेवढीच टाकी चोवीस तास नुसती गरम ठेवायला अर्ध्या ते एक युनिटच्या आसपास जातं. म्हणजे कोणी न वापरलेल्या एका टाकीएवढी वीज रोज हवेत.

थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवा. अगदी ४०-४५ वर ठेवलं तर साठलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढायला वाव मिळतो. तापताना सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंब पडतात ते बिघाडाचं लक्षण नव्हे. २५ वरून ६० अंशांवर जाताना १५ लिटर पाणी सुमारे २०० मिलिलिटर फुगतं आणि त्याला कुठेतरी जावं लागतं. ते तोंड बूच मारून बंद करण्याचा उद्योग कोणी करू नये. थर्मोस्टॅट अडकला आणि व्हॉल्व्ह बंद असला तर टाकी फुटते. गीझर बंद असतानाही सतत धार लागत असेल तर मात्र व्हॉल्व्ह किंवा पाण्याचा दाब तपासून घ्या.

प्रश्न : बादलीत टाकायचा हीटर रॉड गीझरपेक्षा स्वस्त पडतो का?

उत्तर : वापरायला जवळपास तेवढाच. पाणी तेच, अंश तेच, म्हणून युनिटही तेच. १५०० वॅटचा रॉड २० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला २८ मिनिटं आणि ०.७ युनिट घेतो. टाकीची गळती नाही, एवढाच फायदा. धोका मात्र कितीतरी पट. बहुतेक रॉडना थर्मोस्टॅट नसतो. विसरलं की पाणी उकळून आटतं, कॉईल उघडी पडते, लाल होते आणि प्लास्टिकची बादली पेटते. रॉड पाण्यात सोडल्यावरच बटण लावायचं, बटण बंद करून प्लग काढल्यावरच पाण्यात हात घालायचा, पाणी रॉडवरच्या खुणेच्या वर ठेवायचं. पंचवीस मिनिटांचा गजर लावल्याशिवाय खोलीबाहेर जायचं नाही. धातूची बादली नको, आणि आरसीसीबी नसलेल्या घरात रॉडच नको.

प्रश्न : टीव्हीमागच्या एका बोर्डवर आमच्याकडे सहा प्लग लागलेत. बघून भीती वाटते. किती प्लग सुरक्षित?

उत्तर : प्लग मोजू नका, अँपिअर मोजा. टीव्ही १०० वॅट, सेट-टॉप बॉक्स १५, राउटर १०, स्पीकर ३०, दोन चार्जर मिळून ४०. बेरीज दोनशेच्या खाली, म्हणजे एक अँपिअरही नाही. दिसायला गुंता, पण त्या बोर्डला काही कळणारही नाही. त्याच बोर्डवर एकटा २००० वॅटचा खोली तापवायचा हीटर लावला तर दृश्य नीटनेटकं आणि धोका खरा.

बोर्डच्या वायरवर जाडी छापलेली असते ती वाचा. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर ६ अँपिअरची समजा, १ ची १० अँपिअरची, १.५ ची १६ ची. स्वस्त बोर्डात वर मोठ्या पिनेचा सॉकेट आणि खाली ०.७५ ची वायर अशी जोडी सर्रास दिसते. सॉकेटवरचा आकडा मग काही कामाचा नाही. जाडी कुठेच छापलेली नसेल तर तो बोर्ड फक्त चार्जर आणि दिव्यांसाठी.

रिळावर गुंडाळलेली वायर वापरायची असेल तर पूर्ण उलगडा. आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि छापलेल्या मर्यादेच्या निम्म्यावरसुद्धा आवरण मऊ होऊन चिकटतं. गालिच्याखालून, दाराच्या फटीतून, पलंगाच्या पायाखालून वायर नेऊ नका. बोर्डला बोर्ड जोडू नका, प्रत्येक जोड हा गीझरच्या प्रश्नातल्यासारखा संभाव्य गरम बिंदू असतो. हीटर, इस्त्री, गीझर, वॉशिंग मशीन, फ्रीज, एसी यांना भिंतीतला सॉकेट हवा. खोली तापवायच्या हीटरपासून पडदे, अंथरूण आणि वाळत घातलेले कपडे किमान एक मीटर लांब.

प्रश्न : स्वयंपाकघराचा २० अँपिअरचा एमसीबी वारंवार पडतो. ३२ चा टाकला तर कटकट संपेल असं सुचवलं गेलंय.

उत्तर : कटकट संपेल आणि वायर जळू लागेल. एमसीबी उपकरणासाठी नसतो, भिंतीतल्या वायरीसाठी असतो. पाइपातून गेलेली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण २० ते २५ अँपिअर झेपवते. तिचं पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंत टिकण्यासाठी बनवलेलं असतं. २० चा एमसीबी २९ अँपिअरला तासाभरात पडलाच पाहिजे, असं मानक आहे. ३२ चा ३६ अँपिअरला तासभर पडणारच नाही आणि ४६ लाही तासभर घेऊ शकेल. तोवर भिंतीआड काय होतंय ते कोणाला दिसणार नाही.

आधी तो का पडतो ते शोधा. बटण वर करताच त्या क्षणी पडला तर शॉर्ट सर्किट. पाच-दहा मिनिटं चालून पडला तर लोड जास्त, किंवा एमसीबीचाच स्क्रू सैल असून तो बाहेरून तापतोय, कारण त्याची आतली दुपदरी पट्टी उष्णतेनेच वाकते. मोटार सुरू होतानाच पडत असेल तर प्रकार बघा. अक्षर बी असेल तर तो मर्यादेच्या ३ ते ५ पट झटक्याला पडतो, सी असेल तर ५ ते १० पट. मोटारीच्या उपकरणांना सी लागतो. त्यासाठी आकडा वाढवायची गरज नसते. त्या सर्किटवरचे सगळे प्लग काढा, एमसीबी चढवा, मग एकेक लावत जा. सगळे काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये. लोडच जास्त निघाला तर उपाय एकच, जड उपकरणाला मेन बोर्डापासून वेगळी वायर आणि तिचा वेगळा एमसीबी.

आरसीसीबी पडत असेल तर गोष्ट निराळी. ३० मिलिअँपिअरचा माणसाला वाचवण्यासाठी असतो आणि तो पडतो गळतीमुळे: ओल धरलेली कॉईल, उंदराने कुरतडलेली वायर, पाणी शिरलेला बाहेरचा दिवा. कटकट म्हणून त्याला बाजूला काढून थेट जोडणारे लोक आहेत. असं करू नका. ३०० मिलिअँपिअरची गळती २३० व्होल्टला ६९ वॅट होते. ओल्या लाकडात किंवा धुळीच्या थरात आग धरायला ती पुरते, म्हणूनच आगीपासून संरक्षणासाठी ३०० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बनवतात. टेस्टचं बटण तीन महिन्यांतून एकदा दाबा. दाबूनही पडला नाही तर तो निकामी आहे. हे बटण फक्त आरसीसीबी तपासतं. अर्थिंग वेगळं मोजावं लागतं.

प्रश्न : प्लगमध्ये लावायचं छोटं यंत्र घेतलं की बिल ४० टक्के कमी होतं, अशी जाहिरात पाहिली. तथ्य आहे का?

उत्तर : नाही. आत एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या प्रवाहातला खरोखर कामी येणारा हिस्सा, सुधारतो हे खरं, पण घरचा मीटर युनिट मोजतो ते प्रत्यक्ष वापरलेल्या वॅटचे. पॉवर फॅक्टर सुधारल्याने फ्रीज कमी वॅट घेत नाही. म्हणजे बिल तसंच राहणार, आणि चोवीस तास प्लगमध्ये बसलेला, कोणी तपासलेला नसलेला एक कपॅसिटर घरात वाढणार. फुगून फुटणाऱ्या सुट्या भागांमध्ये कपॅसिटरचा नंबर बराच वर लागतो.

प्रश्न : कोणतं उपकरण किती वीज खातं हे घरच्या घरी कसं मोजावं? वेष्टनावरच्या वॅटवर विश्वास ठेवावा का?

उत्तर : पट्टीवरचे वॅट म्हणजे जास्तीत जास्त. गीझर आणि इस्त्री चालू असताना तेवढेच घेतात, पण थर्मोस्टॅट त्यांना मधूनमधून बंद करतो. फ्रीजचा कॉम्प्रेसर दिवसातला काही काळच चालतो. इन्व्हर्टर एसी तर सतत बदलत राहतो. म्हणून मोजावंच.

प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळाला तर उत्तम, पण त्याच्याशिवायही जमतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो, ३२०० किंवा १६०० किंवा दुसरा काही. एका युनिटला तेवढे लुकलुकाट. घरातलं बाकी सगळं बंद करा, हवं ते एक उपकरण लावा आणि दहा लुकलुकाटांना किती सेकंद लागतात ते बघा. त्याला दहाने भागा. मग ३६ लाखांना भागा छापील आकडा आणि सेकंद यांच्या गुणाकाराने. ३२०० चा मीटर, दर ५ सेकंदांना एक लुकलुकाट, तर २२५ वॅट. दहा लुकलुकाट मोजायचे कारण पहिल्या-शेवटच्या क्षणातली चूक त्यात पातळ होते.

हीच रीत रात्री सगळी बटणं बंद करून वापरा, पण प्लग तसेच राहू द्या. मीटर तरीही लुकलुकत असेल तर ती झोपेत चाललेली वीज. चार्जर मोबाइलशिवाय लावून ठेवला तर वॅटाचा लहानसा अंशच घेतो, त्यावरून घरात ओरडाआरडा करण्यात अर्थ नाही. सेट-टॉप बॉक्स मात्र रिमोटने "बंद" केला तरी कित्येकदा १०-१२ वॅट घेतच राहतो. १२ वॅट वर्षभर म्हणजे १०५ युनिट. सगळे प्लग काढूनही मीटर चालू राहिला तर कुठेतरी गळती आहे किंवा एखादी जोडणी तुम्हाला माहीत नाही. तेव्हा वायरमन बोलवा.

बदलण्यासारखं पहिलं उपकरण कोणतं, असंही तुम्ही पत्रात विचारलंय. जास्त तास चालणारं. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटारीचा ३० चा. रोज १२ तास धरले तर वर्षाला एका पंख्यामागे जवळपास २०० युनिट वाचतात. मध्यम आकाराचा नवा फ्रीज अख्ख्या वर्षात साधारण २०० ते ३०० युनिट घेतो, त्यावरून अंदाज येईल. इस्त्री १००० वॅटची, ऐकायला भीतिदायक, पण आठवड्यातून दोन तास. तिला बदलून काही हाती लागत नाही. पंख्याचा रेग्युलेटर जुना, मोठ्या डब्यासारखा असेल तर तो वेग कमी करताना उरलेली वीज स्वतः तापून घालवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसं करत नाही.

प्रश्न : फ्रीजच्या दोन्ही बाजू भाजतील इतक्या गरम होतात. आग लागेल का? फ्रीजमध्ये पेटणारा गॅस असतो हे खरं का?

उत्तर : बाजू गरम होणं बहुतेक नव्या फ्रीजमध्ये अपेक्षितच आहे, कारण उष्णता बाहेर टाकणारी नळी तिथे पत्र्याच्या आत असते. भिंतीला चिकटवून ठेवला तर ती उष्णता अडकते, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि युनिट वाढतात. दोन्ही बाजूंना पाच आणि मागे दहा सेंटिमीटर मोकळे ठेवा. मागे उघडी जाळी असेल तर वर्षातून दोनदा प्लग काढून धूळ ब्रशने झाडा.

पेटणाऱ्या गॅसची गोष्ट खरी आहे. आतल्या पट्टीवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन. घरच्या फ्रीजमध्ये तो बहुधा १०० ग्रॅमपेक्षाही कमी असतो आणि बंद नळीत फिरतो, त्यामुळे रोजच्या वापरात काळजी नाही. काळजी बर्फ काढताना घ्यायची. सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडलं, फुस्स असा आवाज आला, तर फ्रीजचं बटण, प्लग, दिवा कशालाही हात लावू नका, खिडक्या उघडा आणि वीज शक्यतो खोलीबाहेरच्या मेनवरून बंद करा. दर काही मिनिटांनी "टक्" असा आवाज येऊन फ्रीज सुरूच होत नसेल, तर कॉम्प्रेसर अडतोय आणि जास्त लोड झाला की वीज तोडणारा त्याचा ओव्हरलोड संरक्षक त्याला पुन्हा पुन्हा तोडतोय. प्लग काढा. तसाच ठेवला तर रिले जळतो. दाराचं रबर तपासायला कागद दारात धरून दार लावा, सहज निघाला तर तिथून थंडावा गळतोय. आत ४ अंश, फ्रीझरमध्ये उणे १८, याहून थंड ठेवून फक्त बिल वाढतं.

प्रश्न : इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून घरात आणतो आणि रात्री दाराजवळ चार्जिंगला लावतो. दाराजवळ ठेवली तर बाहेर फेकायला सोपी, हा विचार बरोबर आहे ना?

उत्तर : उलटा आहे. पेटलेली लिथियम बॅटरी उचलायची नसते, उचलता येतही नाही. तिच्यातली एक पेशी तापून फुटली की शेजारची तापते, आणि काही सेकंदांत जेटसारखी ज्वाळा आणि विषारी धूर निघतो. दाराजवळ हे झालं तर बाहेर पडायची वाटच बंद. जिना आणि पलंगाखालची जागाही त्याच कारणासाठी वर्ज्य. फरशीवर, हवेशीर ठिकाणी, आसपास कापड-कागद नाही अशी जागा शोधा, आणि घर जागं असताना चार्ज करा. मूळ चार्जरच वापरा, दुसऱ्याचा प्लग बसतो म्हणून व्होल्ट जुळतातच असं नाही. चालवून आल्याबरोबर लावू नका, बॅटरी थंड होऊ द्या. आपटलेली, भिजलेली, फुगलेली किंवा गोडसर रसायनाचा वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. मोबाइल आणि पॉवर बँकलाही हेच लागू. फुगलेली टोचू नका, कचऱ्यात टाकू नका, मोकळ्यावर फरशीवर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

खर्चाचं म्हणाल तर २ युनिट क्षमतेची बॅटरी भरायला सव्वादोन-अडीच युनिट लागतात. रात्रीचा दर वेगळा नसेल तर रात्री लावण्यात काहीच फायदा नाही.

प्रश्न : काल अचानक काही दिवे डोळे दिपतील इतके प्रखर झाले आणि काही मंदावले. थोड्या वेळाने ठीक झालं. याची दखल घ्यावी का?

उत्तर : लगेच. पुन्हा झालं तर क्षणही न घालवता मेन बंद करा. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला की असं होतं. एका फेजवर व्होल्ट खूप उतरतात, दुसऱ्यावर ३०० च्याही वर जातात. वीज देणाऱ्या कंपनीला कळवा, कारण दोष बहुधा मीटरच्या आधी, कंपनीच्या बाजूला, किंवा बाहेर खांबावर असतो. मेन सुरू करण्याआधी व्होल्ट मोजून घ्या. मोठं उपकरण लावलं की सगळं घर एकदम मंदावत असेल तर तोही सैल जोडच, बहुधा मेनजवळचा.

प्रश्न : टीव्ही किंवा मायक्रोवेव्ह पेटला तर नेमकं काय करायचं? घरात कोणतं अग्निशामक ठेवावं?

उत्तर : आधी वीज तोडा, पण जळत्या उपकरणाच्या प्लगला हात घालून नव्हे, मेनवरून. पाणी नको. मायक्रोवेव्हच्या आत पेटलं असेल तर दार उघडू नका. हवा न मिळाल्याने ते आतच विझतं. आग टोपलीएवढी असेल, धूर खोलीत भरला नसेल आणि बाहेरची वाट तुमच्या पाठीशी असेल, तरच विझवायचा प्रयत्न करा. यातलं एक जरी जमत नसेल तर सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि अग्निशमन दलाला बोलवा.

विजेच्या आगीला सीओटू चांगला, कारण मागे काही उरत नाही. एबीसी पावडरही चालते, पण ती बारीक आणि गंजवणारी असते, शेजारची चालू उपकरणंही मग टिकत नाहीत. एकच घ्यायचं असेल तर २ किलोची एबीसी घ्या. ती लाकूड-कापडावरही चालते आणि घरची आग उपकरणापुरती थांबत नाही. पिन ओढा, दीड-दोन मीटरवरून ज्वाळांच्या मुळाशी नेम धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. हे सगळं जेमतेम दहा-पंधरा सेकंद चालतं. सीओटूचा भोंगा हाताने धरू नका, कातडी गोठते, आणि छोट्या बंद खोलीत तो वापरून झाल्यावर तिथे थांबू नका. लिथियम बॅटरीवर यातलं काही टिकत नाही. तिथे चार्जर सुटलेला असेल तर लांबून भरपूर पाण्याने थंड करणं, आणि खरं म्हणजे बाहेर पडणं.

झोपायच्या खोलीबाहेर छताला धूर ओळखणारा अलार्म लावा, प्रकाशकिरणाने धूर टिपणारा (फोटोइलेक्ट्रिक). सावकाश धुमसणारी आग तो लवकर ओळखतो, आणि तापलेल्या जोडाची आग बहुधा तशीच सुरू होते. बटण दाबून महिन्याला एकदा तपासा, दहा वर्षांनी अख्खा बदला. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, तेही त्याच वेळी बघा. सीओटूच्या सिलिंडरला काटा नसतो, तो वजन करूनच तपासतात.

उरलेल्या पत्रांना झटपट उत्तरं. एसी एका अंशाने वर ठेवला तर साधारण ५ ते ६ टक्के वीज वाचते. २६ वर ठेवून सोबत पंखा लावा. सगळे विजेचे हीटर एका युनिटची तेवढीच उष्णता देतात, तेलाचा असो की कॉईलचा. गरम करणारा एसी मात्र त्याच युनिटमध्ये तिप्पटीच्या आसपास देतो. वॉशिंग मशीनचा खर्च मुख्यतः पाणी तापवण्याचा, थंड पाण्याचा प्रोग्राम लावा. कपडे वाळवणाऱ्या मशीनच्या जाळीतली लव दर वेळी काढा, तिला ठिणगी पुरते. आणि पंखा व्होल्टेज कमी असताना गुंगुं करत अडकला असेल तर बटण बंद करा. थांबलेली मोटार चालत्या मोटारीपेक्षा जास्त तापते.